सहा केसांएवढी तार: छोट्या इंजिनांवरच्या हातकामाचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेले काही शब्द तसेच ठेवलेत, सांभाळून घ्या.

सुरुवात एका केसापासून करू. डोक्यावरचा एक केस डोळ्यासमोर आणा. उपटू नका, नुसता आठवा. जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर. असे सहा केस एकाशेजारी एक ठेवले की होतात ०.४२ मिलिमीटर. आजची गोष्ट एवढ्या जाडीच्या पितळी तारेची आहे. ती तार बसते वाफेच्या इंजिनाच्या छोट्या प्रतिकृतीवर, बॉयलरच्या कडेने, दांडीसारखी.

खऱ्या इंजिनावर ही दांडी म्हणजे माणसाने धरायचा आधार. फायरमन किंवा सफाईवाला बॉयलरच्या बाजूच्या अरुंद पट्टीवरून चालायचा, तेव्हा हात या दांडीवर असायचा. खाली काळं तेल, वर वाफ. दांडी साधारण सव्वा इंच जाड. ब्रिटनमध्ये सगळ्यात लोकप्रिय असलेल्या प्रमाणात खऱ्या एका फुटाला मॉडेलवर ४ मिलिमीटर धरतात. हिशोब करा: सव्वा इंचाचे होतात ०.४२ मिलिमीटर. म्हणजे आपले सहा केस.

आता प्रश्न असा, की दुकानातून चांगलं चालणारं इंजिन विकत आणल्यावर एखादा माणूस रात्र-रात्र बसून त्यावर असली तार का लावत बसेल? मलाही आधी हे रिकामपणाचे उद्योग वाटायचे. इतिहास वाचत गेलो तसं मत बदललं. का, ते सांगतो.

टिनच्या डब्यातून रुळावर

खेळण्यातली रेल्वे ही युरोपातली गोष्ट. १८९१ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या जत्रेत मेर्कलिन कंपनीने ठरावीक मापांचे रूळ मांडले. आज एक गाडी घ्या, पुढच्या वर्षी दोन डबे आणि चार रूळ घ्या, सगळं एकमेकांना जुळणार. धंद्याची कल्पना जबरदस्त होती. पण इंजिनं कशी? टिनच्या पत्र्याची. दरवाजे, खिडक्या, रिव्हेट, सगळं पत्र्यावर छापलेलं.

ब्रिटनमध्ये १८९९ साली नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोकने धंदा सुरू केला. त्याला खऱ्या इंजिनासारखं दिसणारं इंजिन विकायचं होतं. मग १९२० साली लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीच्या चावीच्या गाड्या आल्या. हो, तोच हॉर्नबी, ज्याने मेकॅनोचा शोध लावला. १९३८ साली त्याच्या कंपनीने आणखी लहान मापाची ‘हॉर्नबी डब्लो’ मालिका काढली. जेवणाच्या टेबलावर मावणारी विजेची रेल्वे. साच्यात ओतलेलं धातूचं अंग, दणकट. पोराच्या हातून पडलं तरी बहुधा टेबलाचाच टवका उडेल!

दुसऱ्या महायुद्धात हे सगळं थांबलं. धातू युद्धाला लागत होता. युद्ध संपल्यावर काही वर्षांत नवा गडी आला: प्लास्टिक. इंजिनं स्वस्त झाली, घराघरात गेली. आणि आपल्या तारेची खरी भानगड इथूनच सुरू होते.

साच्याची अडचण

प्लास्टिकचं इंजिन बनतं कसं? पोलादी साचा असतो, दोन किंवा जास्त भागांचा. आत वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरायचं, थंड होऊ द्यायचं, साचा उघडायचा, इंजिनाचं अंग बाहेर. काही सेकंदांचं काम.

पण साचा उघडताना आतली वस्तू अडकता कामा नये. बॉयलरवरची दांडी खरं तर बॉयलरला चिकटलेली नसते. मध्ये हवा असते, बोटं जातील एवढी जागा. तसली मोकळी दांडी साच्यात आली तर साचा उघडणारच नाही, आणि उघडलाच तर दांडी मोडून येईल. म्हणून कारखान्यांनी सोपा मार्ग काढला. बॉयलरच्या अंगावरच एक उंचवटा ठेवला. दांडी नाही, दांडीची खूण. पाइपांचं तेच, शिडीच्या पायऱ्यांचं तेच, पुढे दिवा अडकवायच्या खुंट्यांचंही तेच. सगळं अंगाला चिकटलेलं, जणू कोणी इंजिनावर जाड रजई पांघरून वरून चेपली आहे.

मुलांना याचं काही नव्हतं. पण ज्यांनी खरी इंजिनं रोज पाहिली होती, त्यांना ते खटकायला लागलं. त्यांनी हत्यारं काढली.

आधी खराब करा, मग नीट करा

काम कसं चालतं ते ऐका. विकत आणलेलं इंजिन आधी बिघडवायचं. पातीने तो उंचवटा खरवडून काढायचा, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून जागा गुळगुळीत करायची. अर्थात, कंपनीचा रंगही गेला. आता माघार नाही.

मग सरळ रेघ आखायची आणि ठरावीक अंतरावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची भोकं पाडायची. विजेचं ड्रिल इथे चालत नाही. वेग जास्त, प्लास्टिक वितळतं. दोन बोटांत धरून हळूहळू फिरवायचं छोटं ड्रिल लागतं. भोकात एकेक पितळी खुंटी बसवायची. तिच्या डोक्याला मण्यासारखं आरपार भोक असतं, त्यातून तार ओवायची. पूर्वी असल्या खुंट्या परवडत नव्हत्या किंवा मिळत नव्हत्या, तेव्हा लोक बारीक दुपायी पिना वापरायचे.

तार सरळ करायची एक युक्ती आहे. एक टोक व्हाइसमध्ये आवळायचं, दुसरं पक्कडीत धरायचं आणि हळूच ओढायचं. तार किंचित ‘सोडते’, हाताला ते कळतं. त्या क्षणी थांबायचं. तार अशी सरळ होते की पट्टीने आखल्यासारखी. थोडं जास्त ओढलंत तर तुटली.

मी हे स्वतः करून पाहिलंय, बरं का. एक जुनं, कुठेकुठे तुटलेलं प्लास्टिकचं इंजिन स्वस्तात मिळालं होतं. पहिल्या तासात ड्रिलच्या दोन सुया मोडल्या. तिसरी टिकली, पण भोकं एका रेषेत आली नाहीत. चूक होती अर्ध्या मिलिमीटरची. तार ओवल्यावर ती अशी दिसायला लागली, जणू दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने ओढलेत. त्यावर लगेच चिकटणारा गोंद जास्त लावला, तर त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरा धूसर थर बसला. आमची आई म्हणाली, “अरे, आधी बरं दिसत होतं की.” खरं होतं.

पण त्या फसलेल्या संध्याकाळी एक गोष्ट कळली. कुठे भोक पाडायचं हे ठरवायला मला खऱ्या इंजिनाचा फोटो लागला. एक फोटो पुरला नाही, दुसरा शोधला. दोन्ही फोटो एकाच इंजिनाचे, आणि दोन्हींत काही गोष्टी वेगळ्या! चूक फोटोची नव्हती. मधल्या काळात इंजिनच बदललं होतं.

एक मॅलार्ड, पण कुठला?

याचं सगळ्यात छान उदाहरण म्हणजे जगातलं बहुधा सगळ्यात प्रसिद्ध वाफेचं इंजिन: मॅलार्ड. नाव एका रानबदकाचं. अभियंता नायजेल ग्रेस्ली. ३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडमध्ये उतारावर मॅलार्डने ताशी १२६ मैल वेग गाठला, म्हणजे जवळपास २०३ किलोमीटर. वाफेच्या इंजिनांचा हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. चालवत होते जो डडिंग्टन, आणि भट्टीत कोळसा टाकत होते टॉमी ब्रे. या धावेत आतलं एक बेअरिंग तापून खराब झालं, आणि विक्रमवीर इंजिनाला गाडी पीटरबरोला सोडून द्यावी लागली.

आता समजा तुम्हाला मॅलार्डचं मॉडेल करायचंय. माझा पहिला प्रश्न: कुठल्या सालातलं?

१९३८चं हवं असेल तर रंग निळा, क्रमांक ४४६८, आणि चाकांवरून खाली आलेलं पत्र्याचं आवरण, झग्याच्या घेरासारखं. वाऱ्याला वाट करून द्यायची म्हणून ते बसवलं होतं.

युद्धकाळातलं हवं असेल तर रंग काळा. आणि घेर गायब. देखभालीला माणसं कमी, वेळ कमी, आणि दर वेळी चाकांना तेल द्यायला तो पत्रा आड यायचा. म्हणून काढून टाकला. कंपनीचं नाव चार अक्षरी होतं, त्यातली दोनच अक्षरं टेंडरवर उरली.

युद्धानंतरचं हवं? १९४८ साली ब्रिटनच्या रेल्वे सरकारी झाल्या, मॅलार्डला ६००२२ हा क्रमांक मिळाला. त्याच साली त्याच्या दोन्ही अंगांना विक्रमाची आठवण सांगणाऱ्या पाट्या लागल्या. पुढे १९५०च्या दशकात रंग हिरवा. १९६३ साली मॅलार्ड निवृत्त झालं.

आणि आता गंमत. आज ते यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. १९३८सारखं निळं, घेर परत बसवलेला, जुना क्रमांक परत दिलेला. पण अंगावर विक्रमाची पाटी आहे, जी १९४८ साली लागली! विक्रम होण्याच्या दिवशी विक्रमाची पाटी कशी असेल? म्हणजे ३ जुलै १९३८चा देखावा करायला तुम्ही संग्रहालयातल्या खऱ्याखुऱ्या इंजिनाची हुबेहूब नक्कल केलीत, तरी ती चुकेल.

कारखाना साच्यातून काढतो तो इंजिनाचा वर्ग. मॅलार्डच्या वर्गात एकूण ३५ इंजिनं होती. त्यातलं एक विशिष्ट इंजिन, एका विशिष्ट साली, एका विशिष्ट शेडमधलं, हे ठरतं पाटीवरून, घेरावरून, पाइपावरून. आणि हे सगळं हाताने लावावं लागतं किंवा हाताने काढावं लागतं.

असं करणाऱ्यांना इंग्रजी जगात चिडवतात, ‘रिव्हेट काउंटर’ म्हणजे रिव्हेट मोजत बसणारे. काही जण खरंच वैताग असतात. दुसऱ्याने हौसेने केलेल्या कामात चुका काढत फिरतात. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तारखेबद्दल एवढं काटेकोर राहणं हेच तर इतिहासाचं काम.

वीस वर्षांत वीस हजार

या छंदाला धार आली ती एका घाईमुळे. १९४८ साली ब्रिटिश रेल्वेकडे वाफेची २० हजारांहून जास्त इंजिनं होती. १९५५ साली आधुनिकीकरणाची योजना आली: डिझेल आणि वीज आणायची, वाफ हटवायची. १९६० साली ब्रिटिश रेल्वेने शेवटचं वाफेचं इंजिन बांधलं, नाव ठेवलं ‘ईव्हनिंग स्टार’, सांजतारा. आणि ११ ऑगस्ट १९६८ रोजी निरोपाची खास गाडी धावली. तिकीट १५ गिनी, तेव्हाच्या मानाने भलतंच महाग. वीस वर्षांत वीस हजार इंजिनं भंगारात.

भंगारात इंजिन गेलं की आधी काय जातं माहितीये? छोट्या गोष्टी. नावाच्या पाट्या, शिट्ट्या, पितळ-तांब्याचे पाइप, वाफेची घड्याळं. वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगार गोदामातून पुढे हौशी लोकांनी २१३ इंजिनं सोडवून आणली. बॉयलर होता, चाकं होती. हरवलं होतं ते हेच बारीकसारीक. ते त्यांना पुन्हा बनवावं लागलं, जुने फोटो आणि नकाशे बघून. मॉडेलवाल्याने घरच्या टेबलावर केलं तेच काम, फक्त ७६ पट मोठं.

या घाईच्याही आधी हे ओळखणारा एक माणूस होता, रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड, पण आला ऑस्ट्रेलियातून, १९२०च्या दशकात. इंग्लंडच्या खेड्यांतून फिरताना त्याला दिसलं, की गवताने शाकारलेली जुनी घरं डोळ्यांदेखत बदलतायत. घरं तर वाचवता येणार नव्हती. मग तो प्रत्यक्ष जाऊन मापं घ्यायला लागला आणि पुठ्ठ्याची छोटी घरं करायला लागला. १९५४ साली ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम गावात त्याने एक जुनी वास्तू घेतली, तिथून पेंडन संग्रहालय उभं राहिलं. तिथल्या रुळांवर धावणारी अनेक इंजिनं गाय विल्यम्स यांनी हाताने बांधली. हो, नाव तसंच आहे, हसू नका! पितळी पत्रा कापून, कानशीने घासून, जोडून. पत्र्यावरचे रिव्हेट असे उठवायचे: पत्रा उलटा धरायचा आणि बोथट सुईने मागून एकेक ठिपका दाबायचा. शेकडो ठिपके, समान अंतरावर.

पेंडनचं उद्दिष्ट सरळ होतं. दोन महायुद्धांमधल्या काळात तिथलं जग कसं दिसायचं, ते पुढच्यांना दिसावं. इंजिनावरची तार त्या जगाचाच एक तुकडा.

हात बदलले

पुढे हे काम सोपं होत गेलं. १९५०च्या दशकापासून कथील-शिशाच्या मिश्रधातूचे सुटे भाग मिळायला लागले: धुराडं, घुमट, बफर. मग आम्लाने कोरलेले पितळी पत्रे आले. मेण वितळवून साचा करायची, म्हणजे आपल्याकडे पंचधातूच्या मूर्ती करतात तीच जुनी पद्धत, तिने नखाएवढ्या शिट्ट्या ओतल्या जाऊ लागल्या.

आणि १९९०च्या दशकात मोठा बदल झाला. ब्रिटिश कंपन्यांचं उत्पादन चीनला गेलं. त्यानंतर दुकानातल्या इंजिनांवर मोकळी, खरी तारेची दांडी सर्रास दिसू लागली. सुटे पाइप, सुट्या पायऱ्या. गिऱ्हाइकांना वाटलं, आता मशीन हे सगळं करतं. मशीन नाही करत. चिनी कारखान्यात रांगेने बसलेले कामगार चिमट्याने तार उचलतात आणि भोकात बसवतात. एका इंजिनाला असे शेकडो सुटे भाग असू शकतात.

म्हणजे हातकाम संपलं नाही, हात बदलले. इंग्लंडमधल्या छंदवाल्याचं नाव मासिकात छापून यायचं. या कामगारांचं नाव कुठेच येत नाही. खोक्यावर कंपनीचं नाव असतं, आत एक छोटी पिशवी असते. अतिनाजूक चार-सहा तुकडे त्या पिशवीत ठेवलेले असतात, ते तुम्ही लावायचे. बरेच लोक ती पिशवी कधी उघडतही नाहीत.

आणि आपली इंजिनं?

आता थोडं घराकडे येऊ. भारतात वाफ जास्त टिकली. चित्तरंजनच्या कारखान्याने १९७० साली ब्रॉड गेजचं शेवटचं वाफेचं इंजिन बांधलं, त्याचं नाव ‘अंतिम सितारा’. इंग्लंडचा सांजतारा, आपला अंतिम सितारा, मध्ये बरोबर दहा वर्षं. ब्रॉड गेजवरची वाफेची नेहमीची सेवा १९९५ साली थांबली.

आपल्याकडचं सगळ्यात देखणं इंजिन म्हणजे डब्ल्यूपी. बंदुकीच्या गोळीसारखं नाक, नाकावर तारा. पहिली १६ इंजिनं १९४७ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली. त्यातलं ७२०० क्रमांकाचं इंजिन जपून ठेवलेलं आहे. शेडमधले लोक आपल्या लाडक्या इंजिनाला आपापल्या परीने सजवायचे. ताऱ्याचा रंग वेगळा, धुराड्यावर मुकुटासारखी पट्टी. या सजावटी कारखान्याच्या नकाशात नाहीत. त्या होत्या फक्त इंजिनावर, आणि आता आहेत जुन्या फोटोंत आणि माणसांच्या आठवणीत.

कुणाला डब्ल्यूपी करायचं असेल तर रुळापासूनच अडचण. आपला ब्रॉड गेज साडेपाच फुटांचा. आपल्या ४ मिलिमीटरच्या हिशोबाने रूळ २२ मिलिमीटर रुंद हवा. दुकानातला रूळ मिळतो १६.५चा. तेव्हा चाकांपासून दांडीपर्यंत हातकामच करावं लागतं. छोट्या गाड्यांची तोंडओळख हवी असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, लहान मुलांना जरूर न्या.

पण तार आणि ड्रिल घेऊन बसायच्या आधी एक काम तुमच्या हातातल्या फोननेही होईल. भुसावळ, मनमाड, दौंड... तुमच्या घरात, चाळीत, गावात कुणी आजोबा वाफेच्या इंजिनावर फायरमन किंवा शेडमध्ये फिटर असतील, तर त्यांच्याशी बोला. ‘तेव्हाचं सांगा’ असं मोघम विचारू नका. विचारा: दांडी कुठे होती? चढताना पहिला हात कुठे ठेवायचात? शिट्टीची दोरी डाव्या बाजूला की उजव्या? तारा कोण रंगवायचं? घरात जुना फोटो असेल तर त्याचा फोटो काढा आणि साल विचारून लिहून ठेवा. साल महत्त्वाचं. मॅलार्डची पाटी विसरू नका.

माझं ते फसलेलं इंजिन अजून टेबलावर आहे. तार वाकडीच आहे. पण या वेळी भोक पाडण्याआधी मी फोटोवर तारीख लिहिली आहे.

तुमच्याकडच्या आजोबांनी काय सांगितलं ते आम्हाला नक्की कळवा.